तीनशे पोताच्या पलीकडे

हस्ताचा पाऊस उघडून काळ्या रानाला वाफसा आला, म्हणजे पाभर धरण्याच्या आदल्या संध्याकाळी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या सोप्यात एक लहानसा समारंभ होत असे, आणि त्याची आठवण मला आजही त्याच्या वासासकट होते. बियाण्यासाठी राखून ठेवलेली ज्वारी पोत्यावर पसरली जाई. तालुक्याच्या गावाहून वडिलांनी आणलेली गंधकाची पुडी उघडली जाई. मग एका कोरड्या मडक्यात निम्म्यापर्यंत ज्वारी भरून, तिच्यावर मापाने गंधक घालून, मडक्याचे तोंड फडक्याने घट्ट आवळून माझे चुलते ते मडके दोन्ही हातांनी उराशी धरीत आणि इतका वेळ हलवीत राहत, की आत घुमणाऱ्या दाण्यांच्या आवाजाने ओसरीवर आडवी झालेली म्हातारी माणसे उठून बसत. मडके उघडले म्हणजे मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्यांवर फिकट पिवळी झाक आलेली दिसे, जणू एकेका दाण्याला कोणी हळद लावली आहे. पुडीवर ‘३०० पोत’ अशी अक्षरे छापलेली असत. पोत म्हणजे काय, असे मी विचारले तेव्हा चुलत्यांनी चिमूटभर गंधक माझ्या तळहातावर चोळले आणि म्हणाले, “बघ, हाताला खर लागती का? न्हाई लागत. ह्याला पोत म्हणायचं. जितकं बारीक, तितकं दाण्याला धरतंय.”

नॅनोकणांच्या ज्या शास्त्राविषयी हे प्रकरण आहे, त्याचा पाया माझ्या चुलत्यांच्या या शेवटच्या वाक्यात आलेला आहे, असे मी पूर्ण विचारान्ती लिहीत आहे.

ज्या रोगासाठी ही सारी खटपट चाले, त्याला आमच्याकडे काणी म्हणतात. ज्वारीच्या काणीच्या चार तऱ्हा आहेत: दाणे काणी, मोकळी काणी, झिपरी काणी आणि लांब काणी, आणि गंधकाचा उपाय मुख्यतः पहिलीवरचा. दाणे काणीने धरलेले कणीस बांधावरून पाहिले तर भरल्यासारखे दिसते. जवळ जावे तेव्हा ध्यानात येते, की दाण्याच्या जागी दाण्याहून किंचित लांबट, मळकट पांढऱ्या रंगाची एक पिशवी आहे, आणि ती नखाने दाबली की काजळासारखी भुकटी बोटाला माखते. त्या भुकटीचा कण न् कण म्हणजे बुरशीचा बीजाणू. मळणीच्या वेळी खळ्यावर या पिशव्या फुटतात, बीजाणू निरोगी दाण्यांना चिकटतात, कणगीत त्यांच्याबरोबरच निपचित पडून राहतात, आणि पेरलेला दाणा रुजला की स्वतःही रुजून कोवळ्या कोंबात शिरतात. पुढे धाट वाढते तशी बुरशीही त्याच्या आतून, कोणाच्याही नजरेस न पडता, वाढत वर चढते आणि कणीस निसवले तेव्हाच प्रकट होते. तोवर शेतकऱ्याच्या हाती काही उरलेले नसते. म्हणून दाणा मातीत पडण्यापूर्वीचा तो एक दिवस मोलाचा, आणि म्हणूनच मडके. झिपऱ्या काणीचे बीजाणू जमिनीतच असल्यामुळे तिच्यापुढे हे गंधक लुळे पडते, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

तीनशे पोताचे गंधक म्हणजे ज्या चाळणीत एक इंच लांबीत तीनशे घरे आहेत तिच्यातून गाळलेले गंधक. त्या चाळणीचे छिद्र सुमारे पन्नास मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाचे असते. किलोभर बियाण्याला चार ग्रॅम, ही शेतकी खात्याची शिफारस. आणि गंधकाचा एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीचा खडा सुमारे दोन ग्रॅम भरतो. असा एक खडा घ्यावा. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग होतो सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका अंगठ्याचा ठसा जेमतेम मावेल इतका. तोच खडा पन्नास मायक्रोमीटरच्या ठोकळ्यांत कापला, तर पृष्ठभाग बाराशे चौरस सेंटिमीटर होतो. बसायच्या लहान पाटाएवढा. मीटरच्या एक अब्जांश भागाला नॅनोमीटर म्हणतात. दहा नॅनोमीटरचे ठोकळे पाडले, तर त्या दोन ग्रॅमांचा पसारा सहाशे चौरस मीटर, सुमारे सहा गुंठे; आणि एक नॅनोमीटरपर्यंत जाता आले, तर सहा हजार चौरस मीटर, जवळजवळ दीड एकर. बोटाच्या पेरावर राहणाऱ्या खड्यात दीड एकराची जमीन दडलेली आहे, हा हिशेब मी प्रथम कागदावर मांडला तेव्हा कोठे तरी शून्य चुकले असावे अशा शंकेने तो दोनदा पडताळून पाहिला होता. रसायनाचा व्यवहार होतो तो पृष्ठभागावर. आत कोंडलेला अणू बुरशीला शिवतही नाही. बाहेर आलेलाच तिच्याशी झुंजतो. साधारणपणे एक ते शंभर नॅनोमीटर या मर्यादेतल्या कणांना नॅनोकण म्हणण्याचा प्रघात आहे. गव्हाच्या तांबेऱ्याचा बीजाणू वीस ते तीस मायक्रोमीटरचा असतो. तो बीजाणू धान्याच्या मोठ्या रांजणाएवढा मानला, तर वीस-पंचवीस नॅनोमीटरचा कण त्याच्यापुढे खसखशीच्या दाण्याएवढा ठरेल.

बारीकपणाने द्रव्याचा स्वभाव पालटतो, ही जाण जुनीच आहे. आपल्या रसशास्त्रात भस्माच्या परीक्षा सांगितल्या आहेत: भस्म बोटांच्या रेषांत भरून राहिले तर ते रेखापूर्ण, पाण्यावर तरंगले तर वारितर. यावरून आपल्या पूर्वजांना नॅनोशास्त्र अवगत होते असा दावा करणे मला मान्य नाही. त्यांनी कणाची लांबी मोजली नव्हती. परंतु कणाच्या सूक्ष्मतेची कसोटी ठरवली पाहिजे एवढे त्यांनी ओळखले होते, आणि तेही थोडे नव्हे. १८५७ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे असे सूक्ष्म कण पाण्यात तयार केले, की पिवळे सोने माणकासारखे लाल दिसू लागले.

धान्यावरच्या बुरशीशी धातूने झुंज दिल्याची एक विश्वसनीय हकीकत त्याहूनही पन्नास वर्षे आधीची आहे. फ्रान्सच्या दक्षिण भागात मोंतोबाँ नावाच्या गावी बेनेदिक्त प्रेव्हो हे गव्हाच्या काणीचा अभ्यास करीत होते. बीजाणू पाण्यात टाकून ते कसे रुजतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा त्यांचा परिपाठ होता; आणि तांब्याच्या भांड्याशी संबंध आलेल्या पाण्यात बीजाणू रुजत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्या पाण्यात उतरलेले तांबे इतके अल्प, की चवीला कळू नये. तरी बुरशीच्या जन्माला तेवढे पुरे होते. प्रेव्हो यांनी १८०७ साली आपला निबंध प्रसिद्ध केला, रोगाला सूक्ष्म जीव कारण असतो असे स्पष्ट लिहिले, आणि मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, पाण्यात बियाणे भिजवण्याची शिफारस केली. समकालीन पंडितांनी ते मानले नाही. पुढे १८८५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण द्राक्षमळ्यांसाठी पुढे आणले, तेव्हा तांब्याला राजमान्यता मिळाली. आणि आपल्याकडे ज्वारीच्या काणीवर गंधक येण्यापूर्वी मोरचूदच वापरात होता. मला या हकीकतीत जे विलक्षण वाटते ते हे, की प्रेव्हो यांच्या भांड्यातल्या पाण्याने जे केले, ते जाणूनबुजून आणि मापून करणे, एवढाच आजच्या तांब्याच्या नॅनोकणांचा उद्देश आहे. मोरचूद विरघळून एकदम अंगावर येतो, जास्त झाल्यास कोंबही जाळतो. नॅनोकण पानावर वा दाण्यावर बसून आपले आयन थोडे थोडे सोडत राहतो.

चांदीच्या कणांची कथा मात्र थेट पुण्यातून जाते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ च्या सुमारास असे दाखवले, की चांदीच्या क्षाराच्या द्रावणात विशिष्ट बुरशी ठेवली, तर ती बुरशीच त्या क्षारापासून चांदीचे नॅनोकण घडवते. त्यांनी वापरलेल्या बुरशींत फ्युजॅरियम होती. आणि गव्हाच्या ओंब्या पांढऱ्या पाडून दाण्यात विष भरणारी बुरशी याच फ्युजॅरियमच्या कुळातली. पुढे कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कानेही हे काम होते, असे याच मंडळींनी सिद्ध केले. आणि अमरावतीच्या विद्यापीठात महेंद्र राय यांनी बुरशीकडून नॅनोकण करून घेण्याचे हे शास्त्र नेटाने वाढवले. हा प्रयोग पाहण्यासारखा असतो. निंबाचा पाला उकळून गाळलेले पिवळसर पाणी चंचुपात्रात असते. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे पाण्यासारखे स्वच्छ द्रावण ओततात. काही काळ काहीच घडत नाही, आणि मग पात्रातला रंग हलक्या चहाचा, पुढे कडक कोऱ्या चहाचा होत जातो. तो तपकिरी रंग म्हणजे चांदीचे कण जन्मल्याची पावती.

वाराणसीच्या हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी एका जिवाणूकडून असेच चांदीचे कण करून घेऊन ते गव्हाच्या पानांवरील ठिपक्यांच्या रोगाच्या बुरशीवर वापरले, आणि अत्यल्प मात्रेतही तिचे बीजाणू रुजले नाहीत, असे २०१४ साली प्रसिद्ध केले. पूर्वेकडील उष्ण, दमट सपाटीतल्या गव्हाचा हा मोठा वैरी आहे. त्याच्याच भावकीतली बुरशी १९४२ साली बंगालच्या भातावर पडली होती. पुढल्या वर्षीच्या दुष्काळाची कारणे अनेक होती, युद्ध आणि राज्यकर्त्यांची बेपर्वाई ही त्यांत प्रमुख, आणि सारा दोष बुरशीवर लोटणे हा मृतांवर अन्याय होईल. पण पानावरचे ते तपकिरी ठिपके त्या कैफियतीतून वगळताही येत नाहीत.

चांदी काय, तांबे काय, ही शत्रूला थेट मारणारी द्रव्ये. मला अधिक मोलाचा वाटतो तो कायटोसानचा मार्ग, कारण तो रोपाला स्वतः लढायला लावतो. १८११ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने अळंब्यांतून एक न विरघळणारे द्रव्य वेगळे काढले. तेच पुढे कायटिन म्हणून ओळखले गेले. कोळंबीचे टरफल, झुरळाचे कवच आणि बुरशीच्या पेशीची भिंत, या तिन्हींत ते आहे. वनस्पतीच्या अंगात मात्र ते नाही. या भेदाचा उपयोग वनस्पतीने फार पूर्वी करून घेतला आहे. पानाच्या पेशीला कायटिनचा तुकडा लागला, की परका आत आला असे ती ओळखते. भातात हा तुकडा पकडणारे प्रथिन जपानी संशोधकांनी २००६ साली शोधून काढले. इशारा मिळाला की पेशी आपली भिंत जाड करते, बुरशीची भिंत विरघळवणारी विकरे सोडते, शेजारच्या पेशींनाही सावध करते. तेव्हा खऱ्या शत्रूची वाट न पाहता हा इशारा आधीच दिला, तर रोप जागे राहते.

कायटिनवर दाहक सोड्याची क्रिया केली की कायटोसान मिळते. त्याचे नॅनोकण करण्याची रीत इतकी सोपी आहे, की महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही ती जमावी. व्हिनेगारसारख्या सौम्य अम्लात कायटोसान विरघळवून ते ढवळत ठेवतात, आणि सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचे द्रावण त्यात थेंब थेंब सोडतात. धन भाराच्या लांब साखळ्या ऋण भाराच्या फॉस्फेटभोवती गुंडाळल्या जातात. काचेसारखे स्वच्छ असलेले द्रावण एका विशिष्ट थेंबाला किंचित निळसर दुधाळ होते. अंधारात त्याच्यातून विजेरीचा झोत टाकला, तर धुळीच्या खोलीत कवडसा दिसावा तशी प्रकाशाची वाट त्यात उमटते. पात्राच्या तळाशी मात्र काही बसत नाही.

असे कण नाचणीच्या पानांवर फवारले असता करपा उशिरा आला आणि कमी आला, असे तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातून २०१६ साली प्रसिद्ध झाले. बाजरीच्या गोसाव्यावर, ज्याला केवडाही म्हणतात, म्हैसूरच्या विद्यापीठात कायटोसानच्या नॅनोकणांनी बियाणे माखून प्रयोग झाले, आणि रोपांत प्रतिकारशक्ती जागृत झाल्याचे २०१८ साली दाखवण्यात आले. शास्त्रीयदृष्ट्या गोसावी हा खऱ्या बुरशीचा रोग नव्हे, पण शेतकऱ्याचे नुकसान तो बुरशीसारखेच करतो, आणि कणसाच्या जागी पानांचा जटाभार आलेली बाजरी ज्याने पाहिली आहे त्याला हे नाव कोणी दिले असेल असा प्रश्न पडत नाही. उदयपूरला कायटोसानच्या कणांत तांबे गुंफून ते मक्याच्या बियाण्याला आणि पानांना दिले गेले. तेथे तांबे मारते, कायटोसान जागवते. नाचणीचा मला विशेष उल्लेख करावासा वाटतो. कोकणच्या आणि कोल्हापूरच्या डोंगरउतारावर नाचणी लावणारा शेतकरी औषधाच्या दुकानापासून सर्वांत दूर आहे, आणि कायटोसानचा कच्चा माल, कोळंबीची टरफले, त्याच कोकणच्या बंदरांवर पडत असतात.

सिलिकाच्या कणांविषयी थोडक्यात. भाताचे पाते बोट कापते ते त्यातल्या सिलिकामुळे. हे पीक जमिनीतून सिलिका उचलून स्वतःला चिलखत घालते. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली मोहरीच्या कुळातल्या एका रोपावर सिलिकाचे नॅनोकण फवारून असे दिसले, की ते पर्णरंध्रांतून आत जाऊन हळूहळू विरघळतात आणि रोपाची प्रतिकारशक्ती वाढवतात. तो प्रयोग जिवाणूजन्य रोगावरचा होता. नंतर भाताच्या करप्यावरही तसे प्रयत्न झाले. पोकळ कणांच्या पोटात बुरशीनाशक भरून ते सावकाश झिरपत ठेवण्याची कल्पनाही याच जातीची आहे.

आता दुसरी बाजू. काचेच्या बशीतली बुरशी आणि रानातली बुरशी यांत फार अंतर असते, आणि बशीतले यश शेताच्या नावावर जमा करण्याची घाई सर्वत्र दिसते. नॅनोकण पाण्यात सुटे राहतात तोवरच ते नॅनो. आमच्या दख्खनच्या विहिरींचे पाणी जड; त्यातल्या चुन्याच्या क्षारांनी कणांचे भार झाकले जातात, आणि कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात केलेले द्रावण फवारणीच्या पंपात विहिरीच्या पाण्याशी मिसळले, की कदाचित नळी गाठेपर्यंतच ते तीनशे पोताच्या पायरीवर परत आलेले असेल. दुसरे, चांदीला शत्रू आणि मित्र असा भेद नाही. जमिनीतले नत्र बांधणारे जिवाणू तिला तितकेच परके. आणि आपण बियाण्याला हौसेने लावतो ती ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे. तांबे जमिनीत साचत जाते, त्याचे विघटन होत नाही. रॉयल सोसायटीने २००४ साली आपल्या अहवालात सुटे नॅनोकण निसर्गात सोडण्याबाबत सावधगिरीचा सल्ला दिला होता. आपल्याकडे २०२० साली जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो कृषिद्रव्यांच्या परीक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत कणाचा आकार, त्याची स्थिरता, त्याची विषारिता यांचा तपशील मागितला आहे. असा तपशील मागणे ही मला अडवणूक वाटत नाही.

शिवाय सर्व रोग एका मापाने मोजता येत नाहीत. गव्हाचा तांबेरा घ्या. नर्मदेच्या खोऱ्यातला गहू या रोगाने इतका बुडाला, की कापणीचा खर्चही निघू नये, असे इंग्रज अधिकारी कर्नल स्लीमन यांनी १८४४ च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आग्र्याच्या प्राध्यापक करमचंद मेहता यांनी आयुष्य वेचून दाखवले, की सपाटीच्या उन्हाळ्यात तांबेरा जगत नाही. तो डोंगरांवर तग धरतो आणि वाऱ्याबरोबर खाली उतरतो. शेकडो मैलांवरून येणाऱ्या त्या पाहुण्यासाठी मुलखातले पान न् पान औषधाने माखून ठेवणे कोणालाच परवडणार नाही. तेथे रोगप्रतिकारक वाण हाच खरा बंदोबस्त, आणि महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्राने ज्या चिकाटीने वाणांची परीक्षा चालवली आहे, तिला कोणत्याही कणाचा पर्याय नाही.

म्हणून माझे मत असे, की धान्यपिकांत नॅनोकणांचा प्रवेश फवारणीच्या पंपातून होण्याआधी बियाण्याच्या मडक्यातून व्हावा. एकरी चार किलो ज्वारी, किलोला चार ग्रॅम, म्हणजे सोळा ग्रॅम गंधकात एकराचे काम भागते. त्याहून बारीक कणांनी ते आणखी कमी वजनात भागेल. द्रव्य दाण्यावर राहते, वाऱ्यावर जात नाही. किती वापरले याचा हिशेब राहतो. जड पाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आणि काणीसारख्या बियाण्यावरून येणाऱ्या रोगाची नेमकी गाठ तेथेच पडते. फवारणीचे प्रयोग चालू असावेत, पण ते संशोधन केंद्रांच्या कुंपणाआड, तीन-चार हंगाम, शेजारी साध्या गंधकाचा आणि निव्वळ पाण्याचा वाफा ठेवून.

मडके हलवण्यापूर्वी चुलते उपरण्याचा शेव नाकावरून घेऊन मानेमागे गाठ मारीत आणि आम्हा मुलांना परसात पिटाळीत. तरी गंधक डोळ्यांत जाई, डोळे झोंबत, आणि घरात दोन दिवस वास राही. ते झोंबणे आणि तो वास हीच सूचना होती. दहा नॅनोमीटरचा कण झोंबत नाही, त्याला वास नाही, आणि उपरण्याच्या विणीतून तो सहज पार होतो. तेव्हा नॅनोकणांची पुडी कधी आमच्या गावच्या दुकानात आलीच, तर तिच्यावर कण किती लहान आहे, किलोला किती घ्यावा आणि नाकातोंडावर काय बांधावे, हे मराठीत, ठळक अक्षरांत छापलेले असले पाहिजे. आणखी एक ओळ तिच्यावर हवी. पेरणी आटोपल्यावर औषध लावलेली ज्वारी पसाभर जरी उरली, तरी वडील ती कणगीत परत टाकू देत नसत. बांधाच्या कडेला हातभर खड्डा घेऊन स्वतःच्या हाताने पुरीत, आणि वरून माती पायाने दाबून मगच घराकडे वळत.